पहिला सूर लिहिण्याआधी: पडद्यावरची सुरावट आणि पॉप गाणे बँडसाठी मांडताना करायची तयारी

चित्रपटाची किंवा मालिकेची गाजलेली सुरावट, अथवा सगळ्यांच्या तोंडी असलेले पॉप गाणे, विंड बँडसाठी (बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकीची, पितळी आणि तालवाद्ये) किंवा ब्रास बँडसाठी (फक्त पितळी आणि तालवाद्ये) मांडायला, म्हणजे त्या वाद्यांसाठी नव्याने लिहायला, घेतले की बहुतेक जण थेट संगणकासमोर बसतात आणि ध्वनिमुद्रणात जे ऐकू येते ते ओळीने उतरवू लागतात. कामाची सुरुवात तिथून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज असतो, शब्द असतात, स्टुडिओत थरावर थर चढवून घडवलेला नाद असतो, आणि पडद्यावरच्या सुरावटीमागे तर अख्खे दृश्य उभे असते. बँडच्या हाती यांतले काहीच येत नाही. हे सारे वजा केल्यावर जे उरते त्याच्या जोरावर श्रोत्याला चार मिनिटे धरून ठेवायचे असते, म्हणून पुढच्या यादीतला मोठा भाग कागदावर पहिला सूर पडण्याआधीचाच आहे.

सर्वांत आधी परवानगीचे काम हाती घ्यावे, कारण वेळ त्यालाच सर्वाधिक लागतो आणि तो आपल्या हातात नसतो. लेखक-रचनाकारांच्या हक्कांबद्दल १८८६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या आजच्या मसुद्यातले बारावे कलम मूळ रचनेची मांडणी करू देण्याचा हक्क रचनाकाराकडे ठेवते, आणि व्यवहारात तो हक्क बहुधा संगीत-प्रकाशकाकडे किंवा चित्रपट काढणाऱ्या कंपनीकडे गेलेला असतो. सभागृहाकडे सादरीकरणाचा परवाना आहे म्हणून मांडणीची परवानगीही मिळाली, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मांडणी करणे, ती लोकांसमोर वाजवणे आणि तिचे चित्रीकरण आंतरजालावर चढवणे या तीन निरनिराळ्या परवानग्या आहेत. विनंतीच्या पत्रात रचनेचे नाव, वाद्यांची यादी, प्रतींची संख्या, अपेक्षित कालावधी आणि कार्यक्रमाची तारीख पहिल्याच वेळी लिहावी, म्हणजे पत्रव्यवहाराची एक फेरी वाचते. हे करण्याआधी छापील मांडणी बाजारात आहे का, तेही पाहावे. जपानमध्ये ‘न्यू साउंड्स इन ब्रास’सारखी लोकप्रिय संगीताला वाहिलेली मालिका १९७२ पासून निघत आली आहे, तेव्हा आपल्याला हवी असलेली सुरावट कुणीतरी आधीच चांगली मांडून ठेवली असण्याची शक्यता कमी नसते.

त्यानंतर वादकांची यादी करावी, आणि ती वाद्यांची न करता माणसांची करावी. ‘क्लॅरिनेट तीन भाग’ एवढ्या नोंदीतून काहीच कळत नाही. तिसऱ्या भागाला किती जण आहेत, त्यांच्यातले किती जण घशातल्या, म्हणजे बोटे जवळजवळ मोकळी ठेवून वाजणाऱ्या, ए सुरावरून त्याच्या वरच्या बीवर न अडखळता जातात, हे कळले पाहिजे, कारण त्या एका पावलात जवळजवळ सगळी बोटे एकदम खाली यावी लागतात आणि तेवढ्यासाठी एखादी साधी ओळसुद्धा दर तालमीत अडकत राहते. ट्रम्पेटवाल्यांच्या नावापुढे त्यांना थकल्यावरही लागणारा वरचा सूर लिहावा, ताजेतवाने असताना एकदाच लागलेला नव्हे. हौशी बँडात लिखित जी, म्हणजे पाचव्या रेषेला टेकून वर बसणारा सूर, ही भरवशाची मर्यादा धरावी आणि त्यावरचे जे लागेल ते शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवावे. ओबो किंवा बासून या वाद्यांचा एकेकच वादक असेल, तर त्यांची महत्त्वाची ओळ दुसऱ्या एखाद्या वाद्याच्या पार्टात (त्या वादकापुढच्या स्वरलेखनात) लहान अक्षरात देऊन ठेवावी.

ब्रास बँडसाठी लिहायचे असेल तर हिशेब वेगळा असतो. ब्रिटिश पद्धतीच्या ब्रास बँडात २५ पितळी वाद्ये आणि तालवाद्ये असतात: एक ई फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट, नऊ बी फ्लॅट कॉर्नेट, एक फ्लुगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बास. यांतला बास ट्रॉम्बोन सोडला तर बाकी सगळे ट्रेबल क्लेफ (उंच सुरांसाठीची स्वरलेखनाची खूण) वाचतात, अगदी खालचे बाससुद्धा. विंड बँडचा ट्रॉम्बोनवादक बास क्लेफमध्ये जसा वाजेल तसाच सूर वाचतो. त्याचा पार्ट तसाच उचलून ब्रास बँडच्या टेनर ट्रॉम्बोनपुढे ठेवला तर तालमीची पहिली २० मिनिटे त्यातच जातात. शिवाय इथे बासरी नाही आणि क्लॅरिनेटही नाही, त्यामुळे मूळ रचनेतली वरची चमक सोप्रानो कॉर्नेट, कॉर्नेटवरचे म्यूट (आवाज बदलण्यासाठी तोंडाशी बसवायचे साधन) आणि ग्लॉकनस्पिल (धातूच्या पट्ट्यांचे तालवाद्य) यांच्यातूनच काढावी लागते.

आता ऐकण्याकडे यावे. पॉप गाणे ऐकताना आधी शब्द लिहून काढावेत आणि मग शब्द पूर्णपणे वगळून सुरावट एकाच बोटाने पियानोवर वाजवून पाहावी. हा प्रयोग निर्दय आहे, पण तो टाळू नये. कडव्यात सात-आठ अक्षरे एकाच सुरावर येतात, गायक ती वेगवेगळ्या वजनाने म्हणतो आणि आपल्याला ती सुरावट वाटते; तीच ओळ ट्रम्पेटने वाजवली की कुणी दारावर टकटक करावे तशी ऐकू येते. अशा ठिकाणी तीन उपाय हाताशी ठेवावेत. सुराखालची कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) हलती ठेवावी, ओळ मध्येच एका वाद्याकडून दुसऱ्याकडे सोपवावी, आणि प्रत्येक सुरावर शब्दाचे वजन दाखवणारी खूण लिहावी: ठाशीव अक्षराला आघात, लांबलेल्या अक्षराला आडवी रेघ, तोडलेल्या अक्षराला टिंब. शब्द गेले तरी त्यांची जिभेवरची चाल राहिली पाहिजे. दुसऱ्या कडव्यात अक्षरे कमी-जास्त असल्यामुळे लय थोडी बदललेली असते. श्रोत्याला जी आठवते ती एकच निवडावी आणि दोन्हीकडे तीच ठेवावी.

गायक ठेक्याच्या किंचित मागे किंवा पुढे गातो तेही जसेच्या तसे उतरवण्याचा मोह होतो. एकट्याने गायलेली ओढ २० जण कागदावरून वाचू लागले की प्रत्येक जण ती निराळी वाचतो. सोळाव्या भागाचे सूर (मात्रेत चार), त्यांना जोडणारे टाय (दोन सूर एक करणारी कमान) आणि मध्येच एखादी ट्रिपलेट (दोनांच्या वेळात तीन सूर) असे जाळे विणण्यापेक्षा आठव्या भागाच्या सुरांत (मात्रेत दोन) सरळ लिहावे, चार मात्रांच्या बारमध्ये (दोन उभ्या रेषांमधल्या खंडात) तिसरी मात्रा डोळ्यांना नेहमी दिसेल अशी काळजी घ्यावी, आणि उरलेली ओढ तालमीत गाऊन दाखवावी.

पडद्यावरच्या संगीताची अडचण निराळी असते. ते चित्राच्या मापाने कापलेले असते. मध्येच दोन मात्रांचा बार येतो, वाक्य अर्धवट सुटते, कारण तिथे दृश्य बदललेले असते. दृश्यच नसेल तर ती दोन मात्रांची घाई निरर्थक वाटते, म्हणून कोणते वाक्य पुरे करायचे ते आधीच ठरवावे. मालिकेचे शीर्षकसंगीत तर एखाद्या मिनिटात संपते, आणि ते नुसते तीनदा वाजवून लांबवता येत नाही. त्यात विकासाला कोणता तुकडा पुरेल तो शोधावा लागतो. ध्वनिमुद्रण हळूहळू विरत जाऊन संपत असेल तर शेवट आपल्यालाच रचायचा आहे हे पहिल्या दिवशीच टिपून ठेवावे, नाहीतर तो तालमीच्या आदल्या रात्री रचला जातो आणि तसाच ऐकूही येतो.

तंतुवाद्ये जे सहज करतात त्याची किंमत फुंकीच्या वाद्यांना श्वासात मोजावी लागते. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत चार मात्रांचे १६ बार म्हणजे सुमारे ५३ सेकंद होतात. इतका वेळ व्हायोलिन एक कॉर्ड धरून ठेवतात, बँडला मात्र कुणी कुठे श्वास घ्यायचा ते पार्टात लिहून द्यावे लागते, म्हणजे शेजारी-शेजारी बसलेले दोघे एकाच बाररेषेवर श्वास घेत नाहीत. तंतुवाद्यांवरचे सोळाव्या भागांचे सलग फिरते आवर्तन मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आले तर सेकंदाला आठ सूर होतात. बासरी आणि पितळी वाद्ये दुहेरी जिभेने (‘त-क’ असे आळीपाळीने उच्चारून) ते निभावू शकतात; क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांची रीड तोंडातच असल्यामुळे त्यांना ते जड जाते, म्हणून त्यांच्यासाठी सूर दोन-दोन जोडून लिहावेत किंवा आवर्तन दोन गटांत वाटून एकाने सोडायच्या सुरावर दुसऱ्याने उचलावे.

पट्टी निवडण्याच्या कामाला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी, कारण नंतरची निम्मी सुखदुःखे इथेच ठरतात. गिटारवर बांधलेली पुष्कळ गाणी ई मेजरमध्ये असतात, कारण गिटारच्या मोकळ्या तारांना ती पट्टी सोयीची पडते. पण बँडमधल्या पुष्कळ वाद्यांचा सूर लिहिल्यापेक्षा वेगळ्या उंचीवर वाजतो, म्हणून त्यांचा पार्ट वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो; तीच पट्टी बँडला दिली तर बी फ्लॅटच्या ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटपुढे सहा शार्प (सूर अर्धा चढवणाऱ्या खुणा; फ्लॅट म्हणजे उतरवणाऱ्या) येतात, हॉर्नपुढे पाच आणि आल्टो सॅक्सोफोनपुढे सातच्या सात. गाणे केवळ अर्धा सूर खाली, ई फ्लॅटमध्ये आणले की आल्टोपुढे एकही खूण राहत नाही, ट्रम्पेटपुढे एक फ्लॅट आणि हॉर्नपुढे दोन फ्लॅट उरतात. अर्धा सूर खाली आल्याचे बहुतेक श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही.

पॉप गाण्यात शेवटच्या मुखड्याला पट्टी चढवण्याची जी लाडकी युक्ती असते, तिचा विचारही याच वेळी करावा. ई फ्लॅटवरून नेमका अर्धा सूर चढवला तर आपण पुन्हा त्याच ई मेजरच्या काट्यांत जाऊन पडतो, तेही सगळे दमलेले असताना. एक पूर्ण सूर चढवून एफमध्ये गेले तर ट्रम्पेटला एक शार्प, आल्टोला दोन आणि हॉर्नला काहीच नाही. झळाळी मात्र तितकीच मिळते. फक्त चढवल्यानंतर मुखड्याचा सर्वांत वरचा सूर वादकांच्या यादीतल्या त्या भरवशाच्या सुरापलीकडे जात नाही ना, हे ताडून पाहावे.

मग एका आडव्या कागदावर संपूर्ण रचनेचा नकाशा काढावा: प्रवेश, कडवे, मुखडा, मधला तुकडा, पुन्हा मुखडा, शेवट. प्रत्येक चौकटीत सुरावट कोणाकडे, आधार कोणाकडे आणि विश्रांती कोणाला, हे लिहावे. विश्रांतीची नोंद मी सर्वांत आधी करतो, कारण पितळी वाद्य वाजवणाऱ्याचे ओठ हा स्नायू आहे आणि तीन मुखडे सलग वाजवून चौथ्याला तो साथ देत नाही. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा सगळा बँड एकदम वापरून टाकला तर पुढच्या दोन वेळी देण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही; पहिला मुखडा फ्लुगलहॉर्न किंवा युफोनियम एकट्याला द्यावा. म्यूट लावायला आणि काढायला निदान दोन बार मोकळे सोडावेत. ट्रॉम्बोनला घसरत जाणारा सूर लिहिण्याआधी स्लाइडचा (सरकत्या नळीचा) हिशेब करावा; तिच्या सात जागा असतात, पहिली नळी आत आणि सातवी पूर्ण बाहेर: खालच्या बीपासून वरच्या एफपर्यंत तो सातव्या जागेवरून पहिल्या जागेपर्यंत सलग ओढता येतो, पण अर्धाच सूर खालून, म्हणजे बी फ्लॅटपासून, त्याच एफपर्यंत येत नाही, कारण ते दोन्ही सूर पहिल्याच जागेवर आहेत.

खालच्या ओळीबद्दल माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. बास गिटारचा पार्ट मी ट्यूबाच्या ओळीत जसाच्या तसा चिकटवला होता आणि पहिल्या तालमीत सगळा बँड पाय नसल्यासारखा वाटत होता. कारण साधे होते: बास गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते, ट्यूबा जसा लिहिला तसाच वाजतो, त्यामुळे अख्खी ओळ एक सप्तक वर गेलेली होती आणि युफोनियमच्या अंगावर बसत होती. दुरुस्त करतानाही सगळीच ओळ खाली ढकलू नये. तळाशी जड वाटणारे सूर वरच्या सप्तकात ठेवून बाकीचे उतरवावेत, आणि सलग आठव्या भागांची ओळ दोन ट्यूबांत वाटावी, म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याच्या सुराखाली झाकला जातो.

तालवाद्यांसाठी वादक किती आहेत ते मोजून त्यांच्या फेऱ्या ठरवाव्यात. टिंपनीवरून झायलोफोनकडे चालत जायलाही बार लागतात. ड्रमसेटचा प्रत्येक ठोका लिहू नये. दोन बारांचा ठेका, जिथे बँडबरोबर तुटायचे ते आघात आणि भरणीच्या जागा एवढे पुरते.

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरबाबत एकच दक्षता घ्यावी. फिनाले बंद होत असल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि वर्षानुवर्षांच्या फाइली त्यात अडकलेल्यांची धावपळ उडाली. तेव्हा सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोअर यांपैकी काहीही वापरत असलात तरी प्रत्येक मांडणीची म्युझिकएक्सएमएल (निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) आणि पीडीएफ प्रत वेगळी ठेवावी. संगणकाच्या आवाजावर तोलाचा निर्णय देऊ नये, कारण त्यात खालच्या पट्ट्यातली एकटी बासरी चार ट्रम्पेटांवरही सहज ऐकू येते.

पार्ट छापण्यापूर्वी प्रत्येक पान स्वतंत्रपणे वाचावे. पान उलटण्याच्या जागी विश्रांती आहे का, तालमीची अक्षरे (‘ब पासून घ्या’ म्हणता यावे म्हणून घातलेल्या खुणा) वाक्याच्या सुरुवातीला पडली आहेत का, प्रत्येक ओळीला बारचा क्रमांक आहे का, लांब विश्रांतीत कोण केव्हा येते याची एखादी खूण दिली आहे का, एवढे पाहावे. स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) तपासला म्हणजे पार्ट तपासले असे होत नाही. शक्य असेल तर तिसऱ्या क्लॅरिनेटचा आणि दुसऱ्या टेनर हॉर्नचा पार्ट स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऊन पाहावा. त्यांत आठ बारांचीही गंमत सापडली नाही तर नकाशाकडे परत जाऊन त्यांना एखादी प्रतिधून (मुख्य सुरावटीला साथ देणारी दुसरी सुरावट) किंवा मुखड्याचा एखादा तुकडा मिळवून द्यावा.

पहिल्या तालमीला जाताना प्रत्येक पार्टची एक जादा प्रत, टोक केलेल्या पेन्सिली आणि दोन रंगांची पेने न्यावीत. पहिल्यांदा न थांबता शेवटपर्यंत वाजवून घ्यावे आणि ध्वनिमुद्रण करावे; स्कोअरवर लाल रंगाने आपल्या लेखनातल्या चुका आणि निळ्याने वादकांना सरावाने जमणाऱ्या जागा टिपाव्यात. एखादी जागा दुसऱ्या तालमीतही निळीच राहिली तर तिच्यावर लाल रेघ ओढावी आणि ती नव्याने लिहावी.