अर्धवट थांबवलेल्या आयुर्मान-चाचणीची एन्ट्रॉपी कशी काढावी

दहा दिवे एकाच वेळी चाचणीला लावले आणि चौथा बंद पडताच चाचणी थांबवली, तर हाती चारच आयुर्माने येतात, तीही चढत्या क्रमाने. उरलेल्या सहांबद्दल ते तोवर चालू होते एवढेच कळते. समजा, ही आयुर्माने १२०, २१०, ३०० आणि ३७० तास आहेत आणि वितरण घातांकी (म्हणजे दिवा किती जुना आहे यावर तो बंद पडण्याची शक्यता अवलंबून नसते असे) मानले आहे.

एन्ट्रॉपी हे अनिश्चिततेचे माप आहे. माहिती सिद्धान्ताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या व्याख्येप्रमाणे ती म्हणजे घनता फलनाच्या (कोणते मूल्य किती संभाव्य आहे हे सांगणाऱ्या फलनाच्या) लॉगरिदमची ऋण सरासरी. घातांकी वितरणात, सरासरी आयुर्मान थीटा असल्यास, एका निरीक्षणासाठी ती १ + लॉग थीटा येते. लॉगरिदम नैसर्गिक घेतल्यास उत्तर नॅट या एककात मिळते.

प्रथम थीटाचा अंदाज करावा. चार आयुर्मानांची बेरीज १००० आणि चालू दिव्यांचे ६ × ३७० = २२२० तास मिळून ३२२० होतात; त्यांना बंद पडलेल्या दिव्यांच्या संख्येने, म्हणजे ४ ने, भागल्यास ८०५ तास येतात. चालू दिवे वगळून नुसत्या चारांची सरासरी घेतली असती तर ती २५० आली असती. म्हणून हे सहा दिवे हिशेबातून कधीही गाळू नयेत.

आता क्रमाचा प्रश्न उरतो. क्रमित निरीक्षणे परस्परांवर अवलंबून असल्यामुळे त्यांच्या एन्ट्रॉपींची सरळ बेरीज करता येत नाही. येथे सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९३७ मध्ये मांडलेला सुंदर गुणधर्म उपयोगी पडतो: लागोपाठच्या दोन आयुर्मानांमधील अंतराला (पहिल्या वेळी शून्यापासूनच्या अंतराला) त्या वेळी चालू असलेल्या दिव्यांच्या संख्येने, म्हणजे अनुक्रमे १०, ९, ८ आणि ७ ने, गुणले की मिळणाऱ्या राशी स्वतंत्र असतात आणि प्रत्येकीचे वितरण तेच घातांकी असते. त्यामुळे त्यांच्या एन्ट्रॉपींची बेरीज करून रूपांतराच्या गुणकाचा, म्हणजे १० × ९ × ८ × ७ = ५०४० चा, लॉगरिदम वजा केला की पुरते:

४ × (१ + लॉग ८०५) − लॉग ५०४० = ३०.७६ − ८.५३ = सुमारे २२.२४ नॅट.

हा आकडा एककावर अवलंबून आहे: तासांऐवजी दिवस घेतले तर त्यातून ४ × लॉग २४, म्हणजे १२.७१, वजा होतात. त्यामुळे दोन चाचण्यांची तुलना एकाच एककात करावी. एन्ट्रॉपी ऋण आली तरी तेवढ्यावरून गणित चुकले असे समजू नये, कारण सतत चलांच्या बाबतीत तसे होऊ शकते.

चाचणी ठरावीक वेळी थांबवली असेल, तर बंद पडलेल्या दिव्यांची संख्याही यादृच्छिक होते आणि वरील सूत्र लागू पडत नाही. तेव्हा एका दिव्याची एन्ट्रॉपी, तो त्या वेळेआधी बंद पडण्याची संभाव्यता गुणिले (१ + लॉग थीटा), इतकी असते.