पटाशी घ्यायला जाताना खिशात जुनी कानस ठेवा

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळ्याच पटाश्या (सुताराच्या छिन्न्या) चकचकीत दिसतात. घरी आणून फणसाच्या लाकडाला लावली की मऊ पोलादाची धार वळते, आणि मग दिवसभर सहाणेवर घासत बसा.

१. दुकानदाराला विचारून पात्याच्या कडेवर, टोकाजवळ, बारीक कानस (लोखंड घासायची) हलकेच फिरवा. घसरली तर पोलाद कडक. चावली तर पटाशी परत ठेवून द्या, भाव कितीही उतरवला तरी. मुठीकडचा भाग मऊ असू शकतो, तिथे तपासून उपयोग नाही.

२. पात्याच्या सपाट पाठीवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. टोकाकडे पाठ गोलसर असेल तर ती सपाट करण्यात अख्खा रविवार जातो. (माझा गेलाय.)

३. गुण्याही (काटकोन तपासायचं सुतारी साधन) घ्यायचा असेल तर सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या उलटवून त्याच जागी दुसरी मारा. रेघा फाकल्या तर काटकोन चुकलेला.

पटाशीची मूठ काय, नंतर बदलता येते.

कानस धारेवर मात्र फिरवू नका, नवी धार तिथेच जाईल. आणि पावसाळ्यापूर्वी पात्याला तेलाचा हात द्या. आपल्याकडच्या दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही.