कोअर बँकिंग बाहेर सोपवताना नागरी सहकारी बँकेने काय हाती ठेवावे

नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळापुढे कोअर बँकिंगच्या, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणक यंत्रणेवर चालवण्याच्या सेवेच्या, नव्या कराराचा विषय आला, की चर्चा बहुधा एकाच मुद्द्यावर रेंगाळते: दर शाखेमागे किंवा दर खात्यामागे महिन्याला किती रुपये? दराची घासाघीस व्हायलाच हवी. स्वतःचे डेटा सेंटर उभारणे, दुसऱ्या शहरात त्याची पर्यायी यंत्रणा ठेवणे आणि चोवीस तास जाणकार माणसे नेमणे दहा-पंधरा शाखांच्या बँकेला झेपणारे नाही, त्यामुळे ही सेवा बाहेरून घेण्याचा निर्णय मुळात योग्यच असतो. परंतु असे करार यशस्वी झाले की फसले, हे पाहिले तर दरापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवावे लागते. काम बाहेर गेल्यानंतर बँकेच्या स्वतःच्या हातात काय उरले होते, ती गोष्ट ही. म्हणून निविदा काढण्यापूर्वी, काय द्यायचे याच्या यादीआधी काय द्यायचे नाही याची यादी करावी.

त्या यादीत पहिले नाव माणसाचे असावे. दिवसअखेर प्रक्रियेचे अहवाल वाचून ‘या शाखेची व्याजाची रक्कम कालपेक्षा इतकी का हलली?’ असे विचारू शकणारा किमान एक अधिकारी, आणि त्याच्या जागी उभा राहू शकेल असा दुसरा, बँकेच्या पगारावर असलाच पाहिजे. खर्च वाचवण्यासाठी संगणक विभागच गुंडाळणाऱ्या बँकेला पुढे पुरवठादाराचे उत्तर बरोबर आहे की चूक, हेही पुरवठादारालाच विचारावे लागते. (असा अधिकारी तयार झाला की पुष्कळदा पुरवठादार कंपनीच त्याला जास्त पगारावर उचलते, म्हणून एकमेकांची माणसे ठरावीक काळ घेऊ नयेत, असे कलम करारात घालण्यास कोणी लाजू नये.)

कायद्यानेही बँकेची सुटका होत नाही. माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयी रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आले. सेवा बाहेर दिली म्हणून ग्राहकाप्रती आणि नियामकाप्रती असलेले बँकेचे दायित्व कमी होत नाही, हा त्यांचा गाभा आहे. नागरी बँकांच्या आकारानुसार केलेल्या वर्गांपैकी टियर ३ आणि टियर ४ यांनाच, म्हणजे साधारणपणे एक हजार कोटींहून अधिक ठेवी असलेल्या बँकांनाच, ते लागू करण्यात आले. त्याहून लहान बँकेने मात्र ‘आपल्याला लागू नाही’ म्हणून ते बाजूला ठेवू नयेत. कराराचा मसुदा तपासण्यासाठी इतकी तयार चौकट फुकट मिळणे विरळाच. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही ग्राहकाची माहिती हाताळणारी कंपनी दुसरी असली तरी उत्तर बँकेनेच द्यायचे आहे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

पुरवठादाराची निवड

पुरवठादार आपल्या समाधानी ग्राहकांची यादी देतो आणि आपण त्यातल्या दोघांना फोन करतो, ही चौकशी पुरेशी नाही. त्या कंपनीला सोडून गेलेली एखादी बँक शोधावी आणि तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: सोडताना डेटा कोणत्या स्वरूपात मिळाला, तो मिळायला किती दिवस लागले आणि त्यासाठी वेगळे बिल आले का. ताळेबंदही तपासावा, पण त्यावर विसंबून राहू नये. सत्यम कॉम्प्युटर्स ही देशातील आघाडीच्या संगणक कंपन्यांपैकी एक होती आणि तिचे हिशेब खोटे असल्याची कबुली तिच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी स्वतःच दिली, तोवर तिच्या ग्राहकांना त्याचा पत्ता नव्हता.

एकाच पुरवठादाराकडे पुष्कळ बँका असणे हे अनुभवाचे लक्षण मानले जाते आणि ते तसे असतेही, पण त्याला दुसरी बाजू आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर, म्हणजे डेटा अडवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर, शिरले. ती टीसीएस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी असून सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देते. धोका पसरू नये म्हणून ३१ जुलै रोजी यूपीआयसारख्या देयक यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तिला किरकोळ देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व तत्सम व्यवहार थांबले. त्यातल्या कोणत्याही बँकेने स्वतः काही चुकवलेले नसताना हे घडले. हल्लेखोरांची वाट सी-एजशी जोडलेल्या आणखी एका पुरवठादाराच्या सर्व्हरमधून गेली होती, असे क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणात म्हटले होते. म्हणून पुरवठादाराचे उपकंत्राटदार कोण, त्यांपैकी कोणाला आपल्या यंत्रणेत प्रवेश आहे आणि नवा उपकंत्राटदार आणताना बँकेची पूर्वसंमती घेतली जाईल का, हे लेखी घ्यावे.

करारातील आकडे

सेवेच्या हमीचा आकडा सर्वांत फसवा असतो. ‘९९.५ टक्के उपलब्धता’ हे ऐकायला भरभक्कम वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे यंत्रणा बंद राहिली तरी हमी पाळलीच गेली. हाच हिशेब तिमाहीवर करण्याची मुभा करारात असेल, तर नव्वद दिवसांत १० तास ४८ मिनिटांची सूट मिळते. म्हणजे निवृत्तिवेतनाच्या दिवशी सकाळी काउंटर उघडल्यापासून संध्याकाळी रोख जुळवेपर्यंत एकही व्यवहार झाला नाही, तरी पुरवठादाराला एक रुपयाचा दंड लागणार नाही. म्हणून उपलब्धता दरमहा मोजावी, बँकेच्या कामकाजाच्या वेळेसाठी वेगळा आणि कडक आकडा ठरवावा, आणि मोजणी पुरवठादाराच्या सर्व्हरवरून न करता शाखेच्या बाजूने करावी. सर्व्हर चालू आहे पण शाखेत पासबुक छापले जात नाही, ही स्थिती ‘बंद’ या व्याख्येत बसते की नाही, याचे उत्तर करारात शब्दशः सापडले पाहिजे.

पिग्मीचे, म्हणजे प्रतिनिधीने दारोदार फिरून रोज गोळा केलेल्या छोट्या ठेवींचे, उदाहरण येथे लक्षात घ्यावे. पिग्मी प्रतिनिधीच्या हातातले यंत्र किंवा मोबाईल ॲप अनेकदा वेगळ्याच कंपनीचे असते आणि दिवसभराची वसुली संध्याकाळी कोअर बँकिंगमध्ये चढवावी लागते. ती चढली नाही, की कोअर बँकिंगवाला ॲपकडे बोट दाखवतो आणि ॲपवाला कोअर बँकिंगकडे. अशा प्रत्येक सांध्याची जबाबदारी दोघांपैकी एकावर नावानिशी टाकावी.

रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकामुळे करावे लागणारे बदल वार्षिक शुल्कातच धरले आहेत, हे स्पष्ट लिहून घ्यावे, नाहीतर प्रत्येक परिपत्रकामागून एक जादा बिल येते. सायबर घटना घडल्यास सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला सहा तासांत कळवण्याचे बंधन असल्यामुळे पुरवठादाराने बँकेला कळवण्याची मुदत त्याहून बरीच कमी, शक्यतो एक-दोन तासांची असावी. बँकेच्या लेखापरीक्षकाला आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणी अधिकाऱ्याला पुरवठादाराच्या जागेत जाऊन तपासणी करता आली पाहिजे.

आणि निघण्याची वाट. करार संपताना संपूर्ण डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती शुल्कात मिळेल, नव्या पुरवठादाराकडे स्थलांतर होईपर्यंत जुनी सेवा कोणत्या दराने चालू राहील आणि शेवटी जुन्या प्रती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र कोण देईल, हे सही करण्याच्या दिवशीच ठरवावे. पुरवठादार बँकेला आपलेसे करायला सर्वाधिक उत्सुक असतो तो हाच काळ; पाच वर्षांनी हीच कलमे मागायला गेले तर त्यांची किंमत मोजावी लागते.

स्थलांतराचा आठवडा

ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर नेली. यंत्रणा उभारणारी साबिस ही कंपनी परकी नव्हती, टीएसबीच्याच मालक बँकेची होती. सोमवारपासून लाखो ग्राहकांना खाती उघडता येईनात आणि सर्व सेवा पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. आपल्याकडील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे ते त्यानंतरचे: एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड करण्यात आला. पुरवठादाराने सज्जतेचे पत्र दिले होते, परंतु त्यात झालेल्या कामाच्या खात्रीपेक्षा पुढे होणाऱ्या कामाची आश्वासनेच होती आणि त्याची पुरेशी पडताळणी झाली नव्हती. ‘सर्व तयारी पूर्ण होईल’ आणि ‘सर्व तयारी पूर्ण झाली आहे’ या दोन वाक्यांतला फरक पाहायला कोणी तरी बँकेतलेच बसलेले असावे लागते.

आपल्या बँकांत स्थलांतराच्या अडचणी अधिक घरगुती असतात. जुन्या शाखा सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावे युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये असतात आणि नव्या यंत्रणेत ती अगम्य चिन्हे होऊन उतरतात. जन्मतारीख नसेल तिथे १ जानेवारी १९०० अशी तारीख बसवलेली असते आणि नव्या यंत्रणेत तो खातेदार शंभरी ओलांडलेला ज्येष्ठ नागरिक ठरून जादा व्याज घेऊ लागतो. ही साफसफाई पुरवठादारावर सोडू नये, कारण कोणते नाव बरोबर आहे हे फक्त शाखेला ठाऊक असते. प्रत्येक शाखेची तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) जुन्या आणि नव्या यंत्रणेत पैशापर्यंत जुळल्यावरच शाखाधिकाऱ्याने सही करावी. मार्चअखेर किंवा दिवाळीचे आठवडे स्थलांतरासाठी निवडू नयेत, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

करार चालू असताना

पुरवठादारासोबत दरमहा बैठक घ्यावी, प्रलंबित तक्रारींची यादी तारखेनिशी ठेवावी आणि त्याच्या कोणत्या कर्मचाऱ्यांकडे बँकेच्या यंत्रणेचे अधिकार आहेत याची नावे तपासावीत. नोकरी सोडलेल्या अभियंत्याचा आयडी महिनोन्‌महिने चालू राहणे आणि एकच ॲडमिन पासवर्ड चौघांनी वापरणे, हे दोन दोष नेहमीचे आहेत. डीआर सराव, म्हणजे मुख्य यंत्रणा कोसळल्यास पर्यायी यंत्रणेवर काम नेण्याची तालीम, केवळ सर्व्हर सुरू करून दाखवण्याइतका नसावा, किमान एक दिवस दोन-तीन शाखांचे प्रत्यक्ष काम पर्यायी यंत्रणेवर चालवावे.

वर्षातून एकदा बँकेचा संपूर्ण डेटा करारात ठरलेल्या स्वरूपात मागून घ्यावा आणि पुरवठादाराच्या कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय, बँकेच्या स्वतःच्या सुरक्षित संगणकावर उघडावा. कोणत्याही पाच खात्यांची वर्षभराची उलाढाल त्यातून काढून शाखेच्या उताऱ्याशी ताडून पाहावी. ती जुळली नाही, किंवा फाईल उघडलीच नाही, तर त्या दिवशीच्या इतिवृत्तात तशी नोंद करून पुरवठादाराला लेखी मुदत द्यावी आणि मुदत उलटेपर्यंत पुढील देयक रोखून धरता येईल, असे कलम करारात असावे.