विदर्भात तुमची पहिली ६०० किमीची ब्रेव्हे : तयारी आणि निभाव

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात. ताशी २० च्या गतीने पॅडल मारण्यातच ३० तास जातात. जेवण, पंक्चर, कंट्रोलवरचा (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणचा) शिक्का आणि झोप, सगळं उरलेल्या १० तासांत बसवायचं असतं. म्हणून वेग वाढवण्याआधी थांबे आवरायला शिका. टपरीवर पाच मिनिटांची पंचवीस होतात. असे सहा थांबे झाले की दोन तासांची झोप गेली.

२०० आणि ३०० आधी झाली असेल तर १२ आठवड्यांची तयारी पुरते. आठवड्याची एक लांब राईड दर वेळी दहा टक्क्यांनी वाढवा, दर चौथ्या आठवड्यात निम्मी करा. महिन्यातून एकदा शनिवारी १५० आणि लगेच रविवारी १०० चालवा. दुखणं कुठे आहे ते दुसऱ्या दिवशीच कळतं. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. एक पूर्ण रात्र सामानासकट चालवलीच पाहिजे. शेवटचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणा.

आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ खातो तो बाभळीचा काटा. धुऱ्यावरच्या छाटलेल्या फांद्या रस्त्याच्या कडेला येऊन पडतात, म्हणून अगदी कडेने चालवू नका. काटा बाहेरून उपटला तरी टोक टायरमध्ये राहतं आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. टायर आतून रुमालाने पुसत फिरवा. कापड जिथे अडकेल तिथून टोक चिमट्याने काढा आणि मगच ट्यूब घाला. सोबत तीन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, पंप, साखळीची जोडकडी आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा ठेवा. गावच्या पंक्चरवाल्याकडे ७००सी ची (रोड सायकलच्या मोठ्या चाकाची) ट्यूब मिळेल असं धरू नका. त्याचा पंप बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही, त्यासाठी पितळी अडॅप्टर खिशात असू द्या. टायर ३२ मिमीचे बरे. ७० किलोच्या माणसाला पुढे ५५, मागे ६० पीएसआयच्या आसपास हवा ठीक. पाऊस झाला असेल तर डांबर सोडून वावरात सायकल घालू नका. काळी माती ब्रेक आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुपारी घाम आणि पहाटे हुडहुडी, दोन्ही एकाच राईडमध्ये भेटतात. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घ्याच.

तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम, ३० ग्रॅम गुळातही जवळपास तेवढीच. भूक लागायची वाट पाहू नका, दर अर्ध्या तासाला थोडं खा. जेवायला साधं वरण-भात किंवा दही-भात. तर्री आणि सावजी रस्सा राईड संपल्यावर. पाणी तासाला ५०० ते ७५० मिली, उन्हात त्याहून जास्त, पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. ७५० च्या बाटलीत रिकामं केलं तर द्रावण घट्ट होतं आणि पोट ढवळतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पॅडिंगच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालू नका; तिच्या शिवणीनेच कातडी सोलते. सुरुवातीलाच व्हॅसलीन लावा आणि ३०० नंतर चड्डी बदला.

आडरस्त्यावरची गावं रात्री लवकर बंद होतात. आठच्या आत दोन्ही बाटल्या भरा, पहाटेपर्यंतचं खाणं घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत बंडी किंवा ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय पुढ्यात येते, पऱ्हाटी लादलेली असेल तर अर्धा रस्ता अडवून. उतारावर दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि मागचे दोन दिवे हवेत, एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो. टिपेश्वर, ताडोब्याच्या बाजूचे जंगलातले टप्पे उजेडात पार पडतील असा हिशेब करा.

पहाटे २ ते ५ सर्वांत वाईट. मागचं गाव कोणतं होतं ते आठवेना, सायकल पांढऱ्या पट्टीकडे सरकू लागली की लगेच थांबा. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, देवळाचा सभामंडप, काहीही चालेल. चहा पिऊन २० मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. चहाचा अंमल चढेपर्यंत झोपही झालेली असते. जमलं तर ३५०-४०० च्या दरम्यान दीड तासाची पक्की झोप ठरवून ठेवा.

घरी न्यायला कोण येणार, हेही आधीच ठरवा. शेवटच्या शिक्क्यानंतर स्वतः मोटारसायकल किंवा कार चालवत गावी निघायचं नाही, आधी किमान पाच-सहा तास झोपायचं.