कुंची शिवण्याआधी ओला रुमाल
बारशासाठी हौसेने भरतकाम केलेल्या कुंचीच्या, म्हणजे बाळाच्या पाठीवर रुळणाऱ्या टोपड्याच्या, खणाचा रंग पहिल्याच धुण्यात अस्तरावर उतरतो, तेव्हा फार हळहळ वाटते. म्हणून खरेदीला जाताना ओला पांढरा रुमाल न्या. खणावर आणि दोऱ्यावर घासा. रंग लागला तर घेऊ नका.

१. अस्तर जुन्या, मऊ सुती कापडाचं. आजीचं लुगडं मिळालं तर सोन्याहून पिवळं!

२. भरायला सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्या, खण चुणत नाही.

३. मणी हलके, काठ गुळगुळीत असलेले. पॉलिएस्टरच्या दुहेरी दोऱ्याने ओवा, दर तीन मण्यांनंतर पक्की गाठ. दोरा तुटला तरी सगळे ओघळत नाहीत.

चेहऱ्याजवळ आणि बंदांना मणी नकोतच, बाळ तोंडात घालतं. तिथे गाठीचा टाका घाला, तोही मोत्यासारखा दिसतो. बाळाला झोपवताना कुंची काढून ठेवा.