गाडी डावीकडे ओढत होती, दोष निघाला व्हॉल्व्हचा

दोन महिने गाडी डावीकडे ओढत होती, मला वाटलं अलाइनमेंट गेली. शेवटी हवा मोजायचा स्वतःचा गेज घेतला आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी चेक केलं, तर तीन टायर ३२-३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढचा डावा फक्त २४! नुसतं बघून कळत नाही हो, रेडियल टायर तसाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. आधी मी लांबून चालवून आलो की हवा बघायचो, तेव्हा टायर गरम, प्रेशर ४-५ पीएसआय जास्त दाखवतं आणि आपण खूश. आकडा धरायचा तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा (माझ्या गाडीला ३३), टायरवर कोरलेला नाही, तो मॅक्सिमम असतो. बरं, हवा भरली तरी चार दिवसांत परत २८. मग व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं, तर मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक. आतली पिन टाइट करून बघितली तरी थांबेनात, म्हणून नवीन टाकली, वर कॅप पण लावली, जी कधीपासून गायबच होती. तीन आठवडे झाले, ३३ वर आहे. स्टेपनी बघायची मात्र राहिलीच होती, तिच्यात १५ निघाले.