स्प्लाइनवर पॉइंट वाढवत बसू नका

कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करताना, एक्स्ट्रूड, रिव्हॉल्व्ह, स्वीप या साध्या कमांड येतायत आणि आता स्कूटरचं साइड पॅनेल अंगावर पडलंय? ज्यात सरळ रेघ शोधून सापडत नाही? मग हे तुमच्यासाठी.

फोटो मागे लावून स्प्लाइन, म्हणजे पॉइंटांतून जाणारी वक्र रेघ, गिरवताना पॉइंट मोजून टाका. दर सेंटीमीटरला एक दिला की रेघ फोटोवर तंतोतंत बसते, आणि तिथंच घात होतो. स्क्रीनवर वक्र गुळगुळीत दिसतो. कर्व्हेचर कोम्ब (वक्र कुठे किती वळतो ते रेघेवर उभ्या दात्यांनी दाखवणारा कंगवा) चालू केला की खरं रूप कळतं. दाते लांब-आखूड, मधेच रेघेच्या पलीकडे. पलीकडे गेले म्हणजे फुगीर वक्र तेवढ्या जागी आत दबलाय. हीच स्प्लाइन लॉफ्टला (रेघांमधून सरफेस ताणणाऱ्या कमांडला) दिली की ती लाट सरफेसभर पसरते. मग ती दाबायला हात आणखी एक पॉइंट टाकायला जातो. माझा अजूनही जातो.

पॉइंट काढा! दोन टोकं, फार तर मध्ये एक, बाकी आकार पॉइंटवरचं हँडल (दिशा देणारा दांडा) ओढून. सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर असेल तर स्टाइल स्प्लाइन घ्या: बेझिए, चार कंट्रोल पॉइंट, तिसरी डिग्री. पिएर बेझिए यांनी रेनो कंपनीत 1960च्या दशकात मोटारींच्या बॉडीसाठी याच वक्रांवर काम केलं. तेवढ्यात आकार बसत नसेल तर वक्राचे दोन तुकडे करा. फोटोपासून अर्धा मिलिमीटर सरकला तर सरकू दे, फोटोत तसाही पर्स्पेक्टिव्ह असतो.

'दहा मिनिटांत अख्खी कार' छाप व्हिडिओ बघू नका. पॅच (सरफेसचा तुकडा) फसतो नेमका तिथंच व्हिडिओ पळवलेला असतो.

साध्या फिलेटचंही, म्हणजे कोपऱ्याला दिलेल्या गोलाईचंही, स्प्लाइनसारखंच: दिसायला ठीक, आत गडबड. सपाट भागाशी दिशा जुळते, पण कर्व्हेचर शून्यावरून एकदम 1/त्रिज्येवर उडी मारतं. झेब्रा स्ट्राइप्स (सरफेस तपासायला त्यावर पाडलेले काळे-पांढरे पट्टे) जुळतात, पण कोपरा करून. चकचकीत रंगावर तो सांधा ट्यूबलाइटखाली उघडा पडतो, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या भागाला जी-टू, म्हणजे दिशेसोबत कर्व्हेचरही जुळणं, हवंच. आतल्या रिबलाही (मजबुतीच्या पट्टीलाही) जी-टू मागणारे सीनियर भेटतील. मान डोलवा आणि साधा फिलेट मारा.

सुरुवातीला सुरकुतलेले पॅच सगळ्यांचेच येतात, घाबरू नका. आणि शेल (मॉडेल आतून पोकळ करणारी कमांड) अडला तर सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी किमान त्रिज्या तपासा. बाहेरून 2 मिमी त्रिज्येचं वळण 2.5 मिमी आत ऑफसेट होणार, म्हणजे समांतर सरकणार, कसं?